सुमीचे हात

परत आल्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर आम्हा पाचजणांना पुढे बोलावलं. प्रवासाची साक्ष द्यायची होती. पडद्यावर फोटो दाखवले गेले. पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च, अंगणात बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवरची आणि कडेवरची पोरं, खिचडीची पातेली. बाकीचे चौघं बोलले. माझी पाळी आली तेव्हा घसा बसलाय अशी खूण करून मी जागेवर येऊन बसले. घसा ठणठणीत होता. तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. सातपुड्याचा तो भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो थोडा कळेल, आणि मी तिथे काय करून आले तेही कळेल.

मी जालन्याची. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नंदुरबार जिल्ह्यात, मोलगीच्या वरच्या एका पाड्यावर आमच्या मंडळीच्या ओळखीचं एक चर्च आहे. तिथल्या तान्ह्या आणि लहान मुलांच्या घरांसाठी चार दिवस जायचं ठरलं. मुलांना अंघोळी घालायच्या, नखं कापायची, वजनं करायची, आयांशी बोलायचं, सगळ्यांना जेवू घालायचं आणि रोज एक गोष्ट सांगायची. आमचे पुढारी विजयदादा मला म्हणाले, "गोष्टी तुमच्याकडे. मुलांना तुमच्यासारखं कुणी सांगत नाही." मी खूश झाले. चार गोष्टी निवडल्या, कापडावर चित्रं शिवली. तिसऱ्या दिवसासाठी बहिऱ्या माणसाची गोष्ट घेतली. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानात बोटं घालतो आणि त्याला ऐकू येतं, ती. शाळेत अठ्ठावीस वर्षांत ही गोष्ट मी एकदाही सांगितली नव्हती. ती सांगितल्यावर आमची मुलं माझ्याकडे कशी बघतील ते मला माहीत होतं. इथे मुलं ऐकणारी असतील असं मी धरून चालले.

नंदुरबार ते पाडा

नंदुरबारला उतरलो तेव्हा सकाळची थंडी होती आणि हवेत मिरचीचा खकाणा. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घालायला नुकती सुरुवात झाली होती. लांबून शेताला लाल कापड अंथरल्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की डोळ्यांतून पाणी येतं. जीप ठरवलेली होती. चालक सलीमभाई खापरचे. खापर म्हणजे गुजरातच्या हद्दीला टेकलेलं बाजाराचं गाव, तिथल्या माणसाला चार भाषा आल्याशिवाय धंदा होत नाही. सलीमभाई आमच्याशी अहिराणीत बोलायचे, फोनवर हिंदीत, आणि रस्त्यात भेटणाऱ्यांशी गुजरातीत नाहीतर भिलीत.

अक्कलकुव्यापर्यंत रस्ता सपाट. मग देवगोईचा घाट लागला आणि एका वळणावर दुधाच्या पावडरीचं पोतं फुटलं. ती सगळी आमच्या नर्सबाई ज्योतीच्या डोक्यावर. पुढचा तासभर ती पांढऱ्या केसांची आणि पांढऱ्या भुवयांची बसली होती. सलीमभाईंनी आरशातून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही ते एकदम म्हाताऱ्या व्हई गयात." आम्ही खूप हसलो. या प्रवासातलं मनापासून हसणं तेवढंच.

मोलगीच्या पुढे रस्ता डोंगराच्या कडेने जातो. एकेक घर एकेका टेकडीवर, मध्ये दरी. आपल्याकडे शेजारणीला हाक मारली की ती खिडकीत येते. इथे शेजारीण दिसते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला अर्धा तास उतरावं आणि चढावं लागतं. भगर कापून झाली होती. उतारावर नुसते पिवळे खुंट उभे होते.

पहिला दिवस

चर्च म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन. भिंतीवर चुन्याने काढलेला क्रूस. दिलवर पास्टर पाड्याचेच. चाळिशीचे, सडपातळ, हसताना तोंडावर हात धरणारे. शाळेतली मराठी ते जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखी बोलत. बायकांना मराठी येत नव्हती, म्हणून आमचं बोलणं त्यांना आणि त्यांचं आम्हाला तेच सांगणार होते.

बाया लांबून चालत आल्या. एकेकीजवळ दोन-दोन मुलं. आमच्याकडे उपासनेत मूल रडलं की आई त्याला घेऊन बाहेर जाते आणि सगळे वळून बघतात. इथे प्रार्थना चालू असताना मुलं रांगत होती, दूध पीत होती, एक कोंबडी आत येऊन फिरून गेली. कुणी कुणाला गप्प केलं नाही. मला ते फार आवडलं.

नखं कापायला माझ्यापुढे एक मुलगी आली. चारेक वर्षांची, केसांना तेल, अंगात मोठा पुरुषी शर्ट. नाव सुमी, आईचं नाव रेमती. सुमी एक क्षण स्वस्थ बसेना. रेमती माझ्याकडे बघून म्हणाली, "आ सांभळती नथी."

मी ऐकलं ते असं, की हिला कुणी सांभाळत नाही. मला रागच आला. आई समोर बसलीय आणि म्हणते सांभाळत नाही. मी म्हटलं, "मग कोण सांभाळणार? तूच आई ना?" रेमतीला काही कळलं नाही, पण माझा सूर कळला. तिने मान खाली घातली.

जीपला टेकून सलीमभाई चहा पीत होते. ते तिथूनच म्हणाले, "ताई, ती तसं नही सांगी ऱ्हायनी. गुजरातीमा सांभळवुं म्हणजे ऐकणं. तिनी पोरले ऐकू येत नही, असं सांगस ती."

दर वर्षी ही माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. बाहेरच्यांशी बोलायला रेमतीकडे तेवढीच भाषा होती.

मी उठून सुमीच्या मागे गेले आणि स्टीलच्या ताटावर डाव आपटला. बाकीची पोरं दचकली, एक तान्हं रडायला लागलं. सुमी आपल्या कापलेल्या नखांकडे बघत राहिली. मग गाणी सुरू झाली तेव्हा ती ढोलापाशी गेली, चामड्यावर तळवा ठेवून उभी राहिली आणि हसली. माझी शाळेतली मुलं अगदी अशीच उभी राहायची. मला आणखी काही तपासायची गरज नव्हती.

दुपारी मी पास्टरांना सांगितलं. ही मुलगी जन्मापासून बहिरी असावी. जिल्ह्याच्या इस्पितळात तपासणी करून घ्या. कानाच्या यंत्राचा उपयोग होतो का ते तिथे कळेल, पण भाषा शिकायचं वय हेच आहे, यंत्र मिळो न मिळो, तिच्याशी हातांनी बोललं पाहिजे. ते मान हलवत होते. म्हणाले, "बरं. उद्या बोलू."

दुसरा दिवस

सकाळी मक्याची भाकरी आणि उडदाची घट्ट आमटी. वर सुक्या मिरचीची चटणी, तिने कानशिलं तापली. जेवण झाल्यावर मी रेमतीच्या मागोमाग तिच्या घरी गेले. उतरण इतकी, की दोनदा बसत बसत उतरले. रेमती पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन पुढे, सुमी तिच्याही पुढे.

घरात शिरल्यावर मी जे पाहिलं ते सांगते. त्या मायलेकी बोलत होत्या. सुमीने वरच्या ओठावर दोन बोटं फिरवली, म्हणजे बाप. रेमतीने दरीकडे हात केला, म्हणजे खाली गेलाय. सुमीने चिमटीने तळव्यावर टोचलं, म्हणजे कोंबडी. मग दोन्ही गाल आत ओढले, म्हणजे दात पडलेली आजी. कोंबडी आजीच्या घरात गेली, असं ती आईला सांगत होती आणि आई हसत होती. कुणी शिकवलेलं नव्हतं. दोघींनी मिळून ही भाषा चार वर्षांत घरातल्या घरात बनवली होती. आमच्या शाळेत शहरातल्या शिकलेल्या आया यायच्या. मुलाने हात हलवला की लोक बघतील म्हणून त्या हात धरायच्या. त्यांना मी वर्षभर समजवायचे आणि तरी काहींना पटायचं नाही. इथे एक निरक्षर बाई ते आपलं आपण करत होती.

मी सुमीला पाण्याची खूण दाखवली, आमच्या शाळेतली. तिने एकदाच पाहिली. हंड्याकडे बोट केलं आणि खूण परत केली. मग दाराबाहेर जाऊन ओल्या दगडाला ती खूण केली, आजीच्या लोट्याला केली, माझ्या बाटलीला केली. रेमतीनेही केली, लाजत. मी आणखी पाच-सहा शिकवल्या. निघताना रेमतीने पायाच्या घोट्याशी हाताची कड आपटली, दोनदा. मला कळलं नाही. पास्टरांनी नंतर सांगितलं की ती ऊस तोडायची खूण. परवा मोलगीला बाजाराच्या दिवशी त्यांना न्यायला ट्रक येणार होता.

त्या दिवशी चढ चढताना मला दम लागला नाही. वाटलं, आपण इथे उगाच आलो नाही.

तिसरा दिवस

सकाळी मी पास्टरांना गाठलं. "आज गोष्ट बदलते. पाच भाकरी आणि दोन मासे सांगते. मुलांना आवडेल."

ते म्हणाले, "नाही ताई, हीच सांगा. मी काल रेमतीला सांगून आलो आहे. तिचा नवरा पण येणार आहे. तो कधी येत नाही."

मी विजयदादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आपण गोष्ट सांगतो. पुढचं देवाचं काम." मी आणखी जोर करायला हवा होता. केला नाही. कापडी चित्रं घेतली आणि उभी राहिले.

गोष्ट मी नेहमीसारखीच चांगली सांगितली. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं. पास्टर भिलीत सांगत होते, आणि मी एक वाक्य बोलले की ते चार बोलत. चार का, हे मी विचारलं नाही. बाया पुढे सरकल्या होत्या. रेमती पहिल्या रांगेत, शेजारी तिचा नवरा, मांडीवर सुमी. सुमी माझ्या कापडी माणसाचे मोठे कान बघून आईला खुणा करत होती. कोण हा? कान मोठे. आई उत्तर देत नव्हती. ती पास्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

गोष्ट संपली तशी रेमती उठली. सुमीला घेऊन माझ्यापुढे बसली, मुलीचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, माझा उजवा हात धरला आणि माझं बोट सुमीच्या कानात घातलं.

मागून गाणं सुरू झालं. विजयदादांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. बायांनी हात वर केले. सुमीचा बाप गुडघे टेकून रडत होता. माझं बोट त्या गरम, लहानशा कानात होतं आणि मला माहीत होतं की काही होणार नाही. एक क्षण, फक्त एकच क्षण, मी स्वतः मागितलं, होऊ दे. मग मला माझ्या शाळेतली सगळी मुलं आठवली आणि मागणंही थांबलं. पण बोट काढलं नाही. एवढ्या लोकांत काढता आलं नाही. सुमीला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती. बायांना वाटलं तिला काहीतरी ऐकू येतंय.

चौथा दिवस

निघायच्या आधी मी पास्टरांना चर्चच्या मागे नेलं. विचारलं, "पहिल्या दिवशी मी सांगितलं ते तुम्ही रेमतीला सांगितलंत का?"

ते बराच वेळ पायाने माती सारखी करत राहिले. "थोडं सांगितलं."

"काय?"

"ताईंना बहिऱ्या मुलांचं ज्ञान आहे. ताई प्रार्थना करतील. ती बोलेल."

मी म्हटलं, "हे मी म्हणालेच नव्हते."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, खालच्या पाड्यावरच्या एका मुलाला यंत्र मिळालं होतं. मीच घेऊन गेलो होतो, तीन वेळा, जीप बदलून बदलून. पावसाळ्यात ते बंद पडलं. त्याचे सेल मोलगीत मिळत नाहीत. मग त्याचा बाप मला म्हणाला, तुझा देव पण सेलवर चालतो का? तो आता चर्चला येत नाही. तुम्ही आज जाल. मी रेमतीला सांगितलं की सुमी कधीच ऐकणार नाही, तर रेमतीकडे काय राहील?"

याचं उत्तर मला आता, घरी बसून सुचतं: तिच्याकडे सुमीचे हात राहतील. रेमतीच्या घरात मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "निदान तिला इस्पितळात न्या." ते म्हणाले, "उसावरून परत आल्यावर बघू." उसावरून माणसं उन्हाळ्यात परत येतात.

मोलगीचा बाजार भरला होता. लसणाचे ढीग, भगरीच्या राशी, प्लास्टिकच्या चपला, कोंबड्या पायाला दोरी बांधून बसवलेल्या. डोंगरातून उतरलेली माणसं उभी राहून चहा पीत होती. बाजाराच्या टोकाला ट्रक उभा होता, त्यात भांडी, गोधड्या, लाकडं आणि म्हातारी माणसं आधीच चढलेली. ट्रकच्या सावलीत रेमती दिसली.

मी जवळ गेले. सुमीने मला ओळखलं आणि लगेच खूण केली. पाणी. परत केली. पाणी, पाणी. मी बाटली काढेपर्यंत रेमतीने तिचे दोन्ही हात धरले, खाली दाबले आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन मोठ्याने काहीतरी म्हणाली. मग थांबली. मुलगी बघत राहिली. रेमती पुन्हा तेच म्हणाली, आणखी मोठ्याने. सुमी हात सोडवायला धडपडली आणि रडायला लागली. रेमतीच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण हात सोडत नव्हती.

"हे काय करतेय ही?" मी सलीमभाईंना विचारलं.

त्यांनी तिला विचारलं आणि मला सांगितलं, "पास्टरनी सांगेल शे. आते हात करू देवाना नही. हात करत ऱ्हायनी ते तोंड उघडाव नही. देववर विश्वास नही असं व्हई."

मी म्हटलं, "सलीमभाई, मी सांगते ते सगळं, जसंच्या तसं सांगा. काही गाळू नका."

त्यांनी मान हलवली आणि रेमतीसमोर उकिडवे बसले. मी सांगितलं. सुमीच्या कानाला माझ्या बोटाने काही झालेलं नाही. मला ते माहीत होतं. तिला आवाज येत नाही, म्हणून तिला तुझे शब्द कळत नाहीत. तिला तुझे हात कळतात. तू तिला बोलायला शिकवलंच आहेस. ते बंद करू नकोस.

सलीमभाई सावकाश बोलले. एका वाक्याला एकच. रेमतीने सगळं ऐकलं. मग माझ्याकडे बघून ती स्वतःच बोलली, हळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून.

"तो काले आंगळी केम नाखी?"

मग काल बोट का घातलं? एवढं गुजराती मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

मी काय सांगणार होते? लोक बघत होते म्हणून. तू माझा हात धरलास म्हणून. ती वाट बघत होती. वरून तिच्या नवऱ्याने हाक मारली. तो मला हात जोडून हसला. त्याला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. रेमतीने सुमीला त्याच्याकडे वर दिलं आणि मग स्वतः चढली. ट्रक निघाला तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

घाट उतरताना जीपमध्ये विजयदादांनी आभारप्रार्थना केली. सलीमभाई समोर बघून गाडी चालवत होते. खापरच्या फाट्यावर त्यांनी आम्हाला चहा पाजला. मला एकटीला म्हणाले, "ताई, मी बठ्ठं सांगं. काही गाळं नही." मी म्हटलं, माहीत आहे.

नंतर

रेमतीच्या नवऱ्याचा नंबर मी पास्टरांकडून घेतला होता. तो बंदच लागतो. पास्टरांना आठवड्यातून एकदा फोन करते. खुणांचं एक पुस्तक करून पाठवलं, चित्रं मीच काढली. मिळालं म्हणाले. सुमीच्या घरी कुणी नसल्यामुळे ते चर्चमध्ये ठेवलं आहे.

नाताळासाठी दोन दिवस ट्रक वर आला होता. त्यानंतर पास्टरांचा स्वतःहून फोन आला. आवाजात आनंद होता. म्हणाले, "ताई, रेमती आली होती. सुमी पूर्ण बदलली. आता हात करत नाही. एकदम शांत बसते. उपासनेत शेवटपर्यंत बसली, हलली सुद्धा नाही. रेमती म्हणते, देव काम करतो आहे. तुम्हाला सलाम सांगितला आहे."

मी विचारलं, "आईशी पण हात करत नाही?"

"नाही ना," ते म्हणाले. "कुणाशीच नाही."